आधी पाहणी, मग पायाभरणी

मुलांनो, जुने घर पाडून त्याच जागी नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे प्रथम काय करतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? गवंड्याच्या पहारीचा पहिला घाव भिंतीवर पडण्यापूर्वी आजी एकेका खोलीतून फिरून येते. देवघरातील टाक, माळ्यावरची लाकडी पेटी, कोनाड्यातील समई, फडताळातील जुनी दप्तरे असे सारे ती ओसरीवर आणविते. मग त्यांतले काय जपावयाचे, काय नव्या घरात बसवावयाचे आणि काय मोडीत घालावयाचे, हे सर्वांच्या विचाराने ठरते. तुळई भक्कम असेल तर तीच नव्या घराला वापरली जाते. एवढे झाल्यावरच घर पाडण्यास आरंभ होतो. हा क्रम उलटा झाला तर? पेटी ढिगाऱ्याखाली चिरडून गेल्यावर तिच्यात पणजोबांची कोणती कागदपत्रे होती, हे कोणालाही सांगता यावयाचे नाही.

जे एका घराचे, तेच देशाचे. देशाला धरणे हवीत, रस्ते हवेत, लोहमार्ग हवेत, कारखाने हवेत. ही कामे सरकार हाती घेते तेव्हा हजारो एकर जमीन खणली जाते किंवा पाण्याखाली जाते. त्या जमिनीवर आणि तिच्या पोटात आपल्या पूर्वजांनी काय ठेवले आहे, हे कामाच्या आधी पाहिले तर निवड करण्यास सवड मिळते. नंतर पाहिले तर केवळ हळहळ हाती लागते. इतिहासातील दोन उदाहरणांवरून हा फरक तुमच्या ध्यानात येईल.

पहिले उदाहरण पंजाबातील हडप्पा या गावचे आहे. हे गाव आता पाकिस्तानात आहे. सुमारे १८५० नंतरच्या काळात इंग्रजांनी लाहोर ते मुलतान असा लोहमार्ग बांधण्यास घेतला. रुळांखाली घालावयास खडी पाहिजे होती, आणि त्या सपाट प्रदेशात दगड मिळणे कठीण होते. हडप्पा येथे मात्र भाजक्या विटांचे मोठमोठे ढिगारे होते. ठेकेदारांच्या माणसांनी त्या विटा खणून नेल्या आणि त्यांचा चुरा रुळांखाली पसरला. पुढे अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्ववेत्त्याने त्या स्थळाची पाहणी केली, तेव्हा तेथील विटा सुमारे १०० मैल लोहमार्गाला पुरल्या, अशी नोंद त्याने करून ठेवली. परंतु त्या विटा किती जुन्या आहेत, हे त्यालाही उमगले नव्हते. १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले, आणि १९२४ मध्ये जगाला कळले की, हे सिंधू संस्कृतीचे नगर असून ते चार हजार वर्षांहून अधिक जुने आहे. ज्यांनी विटा नेल्या त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना रस्ता बांधावयाचा होता एवढेच. आपण काय मोडीत आहोत, हे कोणीही आधी पाहिले नव्हते. त्या विटांवरून आगगाड्या धावल्या. पण त्या विटांनी उभारलेल्या भिंती कशा होत्या, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या ओळखीच्या नदीच्या काठचे आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली ही गावे मागे टाकून कर्नाटकात शिरते आणि पुढे आंध्र व तेलंगण यांच्या भूमीतून पूर्वसमुद्राकडे जाते. वाटेत तिच्या उजव्या तीरावर एक विस्तीर्ण दरी होती. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला नदी अशा त्या दरीचे नाव नागार्जुनकोंडा. १९२६ मध्ये जवळच्या एका शाळेतील शिक्षकाला तेथे एक प्राचीन खांब आढळला. तो पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ही गोष्ट मद्रास सरकारला कळविली. मग पुरातत्त्व खात्याची माणसे आली, आणि ए. एच. लाँगहर्स्ट यांनी १९२७ ते १९३१ या काळात तेथे उत्खनन केले. तेव्हा कळले की, इसवी सनाच्या तिसऱ्या व चौथ्या शतकांत येथे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी नावाची राजधानी होती. मोठमोठे स्तूप, विहार आणि प्राकृत भाषेतील शिलालेख तेथे मिळाले. राजाच्या बहिणीने, चांतिश्रीने, महाचैत्याला दिलेल्या दानाची नोंदही शिलालेखांत सापडली.

स्वातंत्र्यानंतर या दरीपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. कृष्णेचे पाणी अडवून कोरड्या जिल्ह्यांना पाणी व वीज देण्यासाठी नागार्जुनसागर धरण बांधावयाचे ठरले. धरण झाले की दरी पाण्याखाली जाणार, हे उघड होते. एका बाजूला पावसाच्या लहरीवर जगणारे लाखो शेतकरी, तर दुसऱ्या बाजूला सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचे नगर. यांपैकी कोणाचा पक्ष घ्यावा? भुकेल्या माणसाला स्तूप दाखवून त्याची भूक भागत नाही, आणि बुडालेला स्तूप पिकाच्या मोबदल्यात परत मिळत नाही. धरणाची जागा नदीचे पात्र, खडक आणि डोंगर यांच्या रचनेवरून ठरते. ती मनास येईल तशी हलविता येत नाही. तेव्हा धरण व्हावे, परंतु त्याआधी दरीत जे आहे ते पूर्णपणे जाणून घ्यावे, असा मार्ग निवडण्यात आला.

१९५४ मध्ये आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याने काम सुरू केले. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली ती १० डिसेंबर १९५५ रोजी. म्हणजे पायाचा दगड बसण्याच्या आधीच शोधाची कुदळ जमिनीत पडली होती. १९६० पर्यंत हे काम चालले. सारी दरी पायाखाली घालून शंभराहून अधिक स्थळांना क्रमांक देण्यात आले. प्रत्येक स्थळाचे मोजमाप झाले, नकाशे निघाले, छायाचित्रे घेतली गेली आणि शिलालेखांचे ठसे उमटविण्यात आले. घाई होती, कारण नदीवर भिंत चढत होती. तथापि घाई आहे म्हणून नोंद गाळावयाची नाही, हे पथ्य त्या माणसांनी पाळले.

या पाहणीत काय काय सापडले? आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. नवाश्मयुगातील दफने सापडली. राजधानीचा तट आणि त्याच्या आत पायऱ्यांचे एक रेखीव कुंड मिळाले. अश्वमेध यज्ञानंतरच्या स्नानासाठी ते बांधले असावे, असे मानतात. चारी बाजूंना दगडी पायऱ्या असलेले रंगमंडल मिळाले. कृष्णेच्या काठी बांधीव घाट मिळाला. कार्तिकेयाचे व विष्णूचे मंदिर मिळाले. निरनिराळ्या पंथांचे लोक एकाच नगरात शेजारी शेजारी नांदत होते, हे त्यावरून दिसून आले.

तेथील शिलालेखांत आपल्याही प्रदेशाचे नाव आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. दरीतील एका लेखात बौद्ध आचार्यांनी ज्या देशांत धर्माचा प्रसार केला त्यांची यादी दिली आहे. तीत काश्मीर, गांधार, चीन आणि ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका यांच्याबरोबर अपरान्त देशही आहे. अपरान्त म्हणजे आपले कोकण. अष्टभुजास्वामी विष्णूच्या मूर्तीसंबंधीच्या दुसऱ्या एका लेखात आभीर राजा वसुषेणाचा उल्लेख आहे. आभीरांचे राज्य नाशिकच्या बाजूला होते, हे तेथील लेण्यातील शिलालेखावरून माहीत आहे. कृष्णेच्या त्या दूरच्या वळणावरचा दगड नाशिकच्या इतिहासाला असा साक्ष देतो. तो न वाचताच बुडाला असता तर हानी केवळ आंध्राची झाली नसती.

आता खरी परीक्षा पुढे होती. सापडलेले सारेच हलविणे शक्य नव्हते. मग निवड कशी करावयाची? अशा वेळी जाणकार माणसे स्वतःला काही प्रश्न विचारतात. या वास्तूशी एखादी महत्त्वाची घटना किंवा व्यक्ती जोडलेली आहे काय? तिची घडण विशेष आहे काय? तिच्यापासून पूर्वी माहीत नसलेले काही शिकता येते काय? आणि तिचे मूळ रूप अजून कितपत टिकून आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे वास्तूचे मोल ठरते. सोन्याचा मुलामा असलेले देऊळ दरवेळी अधिक मोलाचे असतेच असे नाही. कधी कधी एखादी चुलीची राख किंवा फुटके खापर त्याहून अधिक सांगून जाते.

मोल ठरल्यावर उपायांचा विचार होतो. पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे कामाची जागा थोडी सरकविणे व वास्तूला धक्का न लावणे. ते न जमले तर कामाची आखणी बदलून वास्तूला होणारी इजा कमी करावी. तेही अशक्य असेल तर वास्तू दगड दगड उकलून दुसरीकडे पुन्हा उभारावी. आणि यांपैकी काहीच साधत नसेल तर निदान तिची पुरी नोंद करून ठेवावी. नोंद हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. कारण चित्रातील समईने घरात उजेड पडत नाही.

नागार्जुनकोंड्यास यांतील शेवटचे दोन उपाय योजावे लागले. निवडलेल्या वास्तू उकलून त्यांच्या दगडांवर खुणा घालण्यात आल्या. अश्वमेधाचे कुंड आणि नदीकाठचा घाट अशा काही वास्तू जवळच्या टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभारण्यात आल्या. रंगमंडल अनुपू येथे नेण्यात आले. धरण १९६७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १२४ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे पाणी चढत गेले, दरी बुडाली आणि टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन राहिला. त्या बेटावर वस्तुसंग्रहालय आहे. लाँचमध्ये बसून लोक तेथे जातात, आणि पाण्याखाली गेलेले नगर कसे होते हे समजून घेतात. धरणाच्या कालव्यांनी दोन्ही तीरांवरची शेती भिजते.

सारे वाचले असे मात्र समजू नका. विहारांचे कित्येक चौथरे, दफने, तटाचे भाग पाण्याखालीच गेले. दरीत राहणाऱ्या गावकऱ्यांनाही आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. परंतु काय गमावले याची मोजदाद आज देशापाशी आहे. हडप्पाच्या विटांची तशी मोजदाद कोणापाशीही नाही. दोन्ही उदाहरणांतील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

पुढे साऱ्या जगाने हा मार्ग चोखाळला. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा नूबिया प्रदेशातील प्राचीन मंदिरे बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगातील राष्ट्रांना मदतीची हाक दिली. दुसऱ्या रामेसिस राजाने डोंगरात कोरविलेली अबू सिंबेल येथील मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून हजाराहून अधिक तुकडे करण्यात आले आणि सुमारे ६५ मीटर उंचावर ती जशीच्या तशी पुन्हा जोडण्यात आली. त्या हाकेला ओ देऊन भारतीय पुरातत्त्ववेत्त्यांचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियात गेले होते आणि त्याने आफिये येथे उत्खनन केले होते.

कित्येक देशांनी तर हा क्रम कायद्याने बांधून टाकला. अमेरिकेत १९६६ मध्ये असा कायदा झाला की, केंद्र सरकारच्या कोणत्याही कार्यालयाने एखाद्या कामाला पैसा किंवा परवानगी देण्यापूर्वी त्या कामाचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल, हे पाहिलेच पाहिजे. तो कायदा प्रत्येक जुनी भिंत राखावयास सांगत नाही. डोळे मिटून ती पाडू नका, एवढे सांगतो. आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीवाचून बांधता येत नाही. देशात केंद्र सरकारने संरक्षित केलेली साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. पण या विशाल देशात तेवढेच काय ते जुने आहे काय? गावोगावच्या बारवा, वेशी, वीरगळ, सतीशिळा यांतील फारच थोड्यांची नावे कोणत्याही यादीत आहेत. ज्याची नोंदच नाही, त्याचे रक्षण कायद्याने तरी कसे करावे?

या ठिकाणी मला माझी स्वतःची एक चूक तुम्हांला सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान गावात मुख्याध्यापक होतो. शाळेच्या वाटेवर ओढ्याकाठी एका लिंबाच्या झाडाखाली एक वीरगळ उभा होता. खालच्या भागात लढणारा वीर, मधल्या भागात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या भागात शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य असे त्याचे रूप होते. पायथ्याशी दोन ओळींचा झिजलेला लेख होता. मी त्या वाटेने रोज जात असे. एक दिवस तो लेख उतरून घ्यावा, असे मनाशी म्हणत असे. तो दिवस मी कधी आणला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत रस्ता रुंद करण्याचे काम निघाले. मी परत आलो तेव्हा लिंब नव्हता आणि वीरगळही नव्हता. ओढ्यावरच्या नव्या मोरीच्या भिंतीत मला अप्सरेचा एक हात तेवढा दिसला. मजुरांना दोष देऊन काय उपयोग? तो दगड कोणाचा आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ज्याला वाचता येत होते त्याने तो वाचला नव्हता. त्या वीराचे नाव काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

त्या वर्षी मी सातवीच्या मुलांना एक जाड वही दिली. मुलांनी रविवारी गाव पालथे घातले. बारव, चावडी, पिराची कबर, पाटलांच्या वाड्याचा दरवाजा, शिवेवरचा कोरीव दगड अशा प्रत्येक गोष्टीला त्यांनी क्रमांक दिला. ती कोठे आहे, लांबी-रुंदी किती, कोणत्या स्थितीत आहे, आणि गावातील म्हातारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात, एवढे वहीत लिहिले. दोन वर्षांनी गावात पाण्याची टाकी बांधावयाचे ठरले आणि बारवेला लागूनच जागेची आखणी झाली. मुलांनी ती वही सरपंचांना नेऊन दाखविली. सरपंचांनी ती अभियंत्यांपुढे ठेवली. अभियंत्यांनी बारवेत उतरून पाहिले, थोडा विचार केला आणि टाकीची जागा तीस पावले पलीकडे सरकविली. गावाला पाणी मिळाले आणि बारवही राहिली. खर्च फारसा वाढला नाही, कारण चुन्याच्या रेघा पुसून पुन्हा ओढावयास काही पडत नाही. पाया खणून झाल्यावर मात्र ते जमले नसते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी ठेकेदार, तर कोणी सरपंच. तुमच्या हातून धरणे व्हावीत, रस्ते व्हावेत, हीच आमची इच्छा आहे. नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या भूमीवरून एकदा पायी फिरून या आणि तेथे कोण राहून गेले, हे विचारा. त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तुमच्या शाळेच्या वाटेवरही एखादा दगड उभा असेल. त्याच्या पायथ्याशी अक्षरे आहेत काय, हे उद्या शाळेला जाताना वाकून पाहा.

शब्दार्थ
टाक: देवाची प्रतिमा उठविलेला धातूचा लहान पत्रा
तुळई: छताचा भार पेलणारे मोठे लाकूड
मोडीत घालणे: निरुपयोगी म्हणून विकून टाकणे
विहार: बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान
बारव: पायऱ्यांची मोठी विहीर
वीरगळ: लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड
मोरी: रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेला मार्ग

स्वाध्याय
१. हडप्पाच्या विटा लोहमार्गासाठी का वापरल्या गेल्या? त्यामुळे कोणती हानी झाली?
२. नागार्जुनकोंडा येथील शिलालेखांचा आपल्या प्रदेशाच्या इतिहासाशी कोणता संबंध आहे?
३. एखाद्या वास्तूचे मोल ठरविताना कोणते प्रश्न विचारावेत?
४. ‘नोंद हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे’ असे लेखक का म्हणतात?
५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: पायाखाली घालणे, ओ देणे, गाव पालथे घालणे.
६. तुमच्या गावातील किंवा पेठेतील पाच जुन्या वास्तूंची यादी करा. प्रत्येकीचे ठिकाण, आजची स्थिती आणि वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेली माहिती लिहा.
७. तुमच्या गावच्या नव्या रस्त्याच्या आड एक जुनी वेस येत आहे, अशी कल्पना करा. वेस पाडावी की रस्ता वळवावा, या विषयावर वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा.